पूरपट्ट्यातली बाग: सांगलीतील एका खुल्या जागेचा प्रकरण अभ्यास

सांगलीत घर घेताना लोक विचारतात, "इथे पाणी येते का?" वसाहतीतल्या बागेबद्दल मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. बाग म्हणजे उरलेली जागा, तिथे पाणी आले तर आले, असे गृहीत धरलेले असते. मग पूर ओसरल्यावर वर्ष-वर्ष ती जागा गाळात पडून राहते. मुले रस्त्यावर खेळतात आणि आजी-आजोबा गच्चीवर फेऱ्या मारतात. हे टाळता येते. मात्र बागेचा आराखडा उद्घाटनाच्या दिवसाकडे पाहून न करता पूर ओसरल्यानंतरच्या तीन आठवड्यांकडे पाहून करावा लागतो.

हे नमुना प्रकरण आहे. कोणत्याही एका वसाहतीकडे बोट दाखवायचे नाही, म्हणून नाव दिलेले नाही. मापे आणि अडचणी मात्र कृष्णाकाठच्या या पट्ट्यात सर्रास दिसणाऱ्याच घेतल्या आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या जागेशी ताडून पाहता येईल.

जागा

लेआउट मंजूर करताना सोडलेली खुली जागा, सुमारे एक एकर. पूर्व-पश्चिम ५० मीटर, दक्षिणोत्तर ८० मीटर. पूर्वेला वसाहतीचा रस्ता, पश्चिमेला नाला. जमीन रस्त्याकडून नाल्याकडे ६० सेंटिमीटर उतरते. माती काळी, दीड-दोन मीटर खोल. नाल्याचा तळ पश्चिमेच्या जमिनीपेक्षा दीड मीटर खाली.

पाणी इथे नदीच्या काठावरून चढून येत नाही. कृष्णा फुगली की नाला उलटा वाहू लागतो आणि पाणी मागच्या दाराने आत शिरते. सांगलीत त्या दिवशी पाऊस असायलाच हवा असे नाही. शहराचा स्वतःचा पाऊस बेताचा आहे. पूर येतो तो महाबळेश्वर, कोयना आणि वारणेच्या खोऱ्यातल्या पावसाने व धरणांतून सुटलेल्या पाण्याने. म्हणूनच आकाशाकडे न पाहता कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे पाहायचे. १९२९ साली झालेल्या या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. आपल्या बागेत पाणी कोणत्या आकड्याला शिरते, हे प्रत्येक वसाहतीने एकदा नीट नोंदवून फाटकावर रंगवून ठेवावे. या जागेचा आकडा ४३ फूट धरला आहे. पुढची जवळजवळ सगळी गणिते याच आकड्यावर बसतात.

आधी काय होते आणि ते का टिकले नाही

मूळ बाग नेहमीच्या साच्यातली. कडेने पेव्हिंग ब्लॉकची वाट, मध्ये मोठे लॉन, एका कोपऱ्यात लोखंडी झोके आणि घसरगुंडी, खाली रंगीत रबराचा थर. शिवाय कारंजे, ओपन जिमची दहा यंत्रे, पश्चिमेला दोन मीटर उंचीची पक्की भिंत, आणि भिंतीलगत झाकणे टाकलेले बंद गटार.

वाट सर्वांत आधी बिघडली, आणि तिला पुराची गरजही लागली नाही. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात-हात भेगा पडतात. ब्लॉक थेट या मातीवर, वर दोन बोटे कच पसरून बसवले होते. दोन पावसाळ्यांत वाटेला लाटा आल्या. सकाळी फिरणाऱ्यांपैकी ज्यांचे गुडघे कुरकुरतात ते आधी यायचे थांबले. बाग ओस पडण्याची सुरुवात बहुधा अशीच होते. ज्येष्ठ येत नाहीत म्हणून सकाळी फाटक उघडत नाही, फाटक उघडत नाही म्हणून झाडलोट होत नाही.

पश्चिमेची भिंत पुरात पडली. पाण्याचा जोर हे त्याचे एकमेव कारण नव्हे. नाल्याकडून पाणी चढताना भिंतीच्या एका बाजूला ते उंच आणि दुसऱ्या बाजूला कमी असते. ओसरताना उलटे होते, आत साचलेले पाणी बाहेर पडू पाहते. दोन्ही बाजूंच्या पातळीत मीटरभराचा फरक पडला तरी नऊ इंची विटांची लांबलचक भिंत तो पेलत नाही, कारण ती दाब सोसण्यासाठी बांधलेलीच नसते.

रबराचा थर काँक्रीटवर चिकटवलेला होता. खालची माती हलल्याने काँक्रीटला भेग गेली, भेगेतून पाणी शिरले आणि पुरात थर सुटून वर आला. उरलेल्या भागाची छिद्रे गाळाने बुजली आणि तो दगडासारखा झाला. दिसायला रबर, पडणाऱ्या मुलाला मात्र आधार शून्य. ही फसवणूक उघड्या जमिनीपेक्षा वाईट, कारण आई-वडील निर्धास्त असतात.

झोक्यांचे खांब जमिनीलगत गंजले. काँक्रीट आणि माती जिथे मिळतात तिथे ओल टिकते आणि रंगाखाली गंज पसरतो. वरून खांब धडधाकट दिसतो. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. दिव्यांचा पॅनल जमिनीपासून दोन फुटांवर होता, तो पहिल्याच पुरात गेला. कारंज्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पंप बंद पडला आणि टाक्यात डास झाले.

एक मीटर भरावाचा प्रस्ताव

अशा वेळी पहिली सूचना ठरलेली असते: जागा एक मीटरने उचलून घ्या. मागणी प्रामाणिक असते, म्हणून ती आकड्यांनिशी तपासायला हवी.

४,००० चौरस मीटरवर एक मीटर म्हणजे ४,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. हिशेब १,४०० ब्रासच्या पुढे जातो, आणि दबाईने बसणारी घट वेगळी. तीन ब्रासची गाडी धरली तरी पावणेपाचशे खेपा.

आता पूर पाहू. आयर्विन पुलाजवळ पाणी २००५ मध्ये ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर, २०२१ च्या जुलैमध्ये ५५ फुटांच्या आसपास. या जागेत ४३ फुटांना पाणी शिरते. म्हणजे नाल्याकडच्या कडेला अनुक्रमे सुमारे १०, १४ आणि १२ फूट पाणी. एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट. या तिन्ही पुरांत भराव पाण्याखालीच गेला असता. जागा कोरडी राहिली असती ती फक्त ४३ ते ४६ फुटांमधल्या लहान पुरात, आणि त्या पुरातले पाणी शेजारच्या घरांत सरकले असते.

याला नियमाचीही बाजू आहे. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकामाला मनाई असते, पण बाग आणि मैदान असा मोकळा वापर चालतो. तो चालतो कारण पाण्याला तिथे पसरायला जागा राहते. भराव टाकला की ते कारणच नाहीसे होते. त्यामुळे भराव नको, हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. बाहेरून येईल तो फक्त खोदलेल्या खड्ड्यांची जागा भरणारा मुरूम आणि वाळू.

त्यातून आराखड्याची कसोटी ठरते. पाणी येणार. ओसरल्यावर तीन आठवड्यांत बाग वापरात यावी. ही मुदत मनाने ठरवलेली नाही. २०१९ मध्ये पाणी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वोच्च पातळीला होते आणि गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला आली. वसाहतीचा मांडव याच जागेत पडतो.

वाट

फेरीची वाट २१० मीटर लांब, १.८ मीटर रुंद. दोघे शेजारी चालू शकतात आणि समोरून बाबागाडी आली तर एकाला बाजूला व्हावे लागते, एवढी. त्याहून अरुंद वाटेवर कुटुंबे एकामागे एक चालतात आणि बोलणे तुटते.

काळी माती ४० सेंटिमीटर खोदून काढायची. तळ ओलसर असतानाच रोलरने दाबायचा. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचे, म्हणजे मुरूम मातीत रुतत नाही. मग ३० सेंटिमीटर मुरूम, तोही एकदम न टाकता १५-१५ सेंटिमीटरच्या दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून आणि रोलर फिरवून. दबलेला मुरूम ११३ घनमीटर लागतो, सुटा २५ टक्के जास्त, म्हणजे ५० ब्रास मागवायचा. वर ३ सेंटिमीटर क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), सुमारे ४ ब्रास, आणि त्यावर ६० मिलिमीटरचे ब्लॉक. वाटेला पश्चिमेकडे २ टक्के ढाळ, म्हणजे १.८ मीटर रुंदीत साडेतीन सेंटिमीटर.

सगळ्यात जास्त चूक होते कडेच्या दगडात. कर्ब नुसता मातीत उभा केला तर पुरात पहिला तोच सुटतो आणि त्यामागून ब्लॉक ओळीने निसटतात. कर्बच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटची बगल हवी. कर्बचा माथा मात्र वाटेच्या वर काढू नये. उंच कर्बमुळे गाळ वाटेवर अडकतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने ढकलता येत नाही. फाटकाशी पायरी नको, १:१२ चा उतार हवा.

पाणी जायला वाट

जोराच्या सरीत तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर या एकरावर दोन लाख लिटर पाणी पडते. काळी माती एकदा भिजली की त्यातले फार थोडे मुरते. बंद गटार इथे कामाचे नाही. झाकणांखाली गाळ भरतो आणि तो कोणाला दिसत नाही. त्याऐवजी पश्चिमेच्या कडेने दीड मीटर रुंद आणि मध्ये २० सेंटिमीटर खोल अशी हरळीने झाकलेली पसरट चर. फावड्याने साफ होते, मूल पडले तरी लागत नाही, आणि बुजली तर चालता-चालता दिसते.

चरीचे पाणी नाल्यात जिथे पडते तिथे पाइपाच्या तोंडाला एकेरी झडप बसवावी. सर सुरू असताना नाल्याचे पाणी थोडेसे वर आले तर ती उलटा प्रवाह अडवते. मोठ्या पुरात तिचा उपयोग नाही, तशी अपेक्षाही नको. झडपेत प्लास्टिकची पिशवी अडकली की ती अर्धवट उघडी राहते, म्हणून मे महिन्याच्या शेवटी ती हाताने उघडून पाहायची.

कुंपण पश्चिमेला जाळीचे. खाली ४५ सेंटिमीटरचे जोते, त्यात दर तीन मीटरला मोकळी भोके. पाणी आरपार जाते. जाळीत कचरा अडकून ती पुरात वाकण्याची शक्यता राहतेच, म्हणून ती खांबांना बोल्टने जोडावी, वेल्डिंग नको. वाकलेला एक गाळा काढून दुसरा लावता येतो.

खेळाची जागा

इथे थोडे थांबावे लागेल, कारण मुलांना होणाऱ्या बहुतेक इजा मापांमधल्या निष्काळजीपणातून येतात.

झोक्याला पुढे आणि मागे किती जागा हवी, याचा नियम सोपा आहे. झोका टांगायची कडी जमिनीपासून जेवढी उंच, त्याच्या दुप्पट पुढे आणि दुप्पट मागे. जुन्या झोक्याची कडी २.४ मीटरवर होती, म्हणजे एकूण ९.६ मीटर हवे होते, आणि वाट अडीच मीटरवर होती. नव्या आराखड्यात कडी २ मीटरवर घेतली, त्यामुळे ८ मीटर पुरतात. एका चौकटीत दोनच झोके. दोन पाट्यांमध्ये ६० सेंटिमीटर आणि खांबापासून ७५ सेंटिमीटर अंतर. तिसरा झोका बसवण्याचा आग्रह होतो, तो मानू नये, कारण मधल्या झोक्यापर्यंत जाताना मूल बाजूच्या झोक्याच्या वाटेत येते.

झोके दक्षिणोत्तर हलतील असे बसवले आहेत, म्हणजे संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येत नाही. घसरगुंडीचा उतार पूर्वेकडे. पश्चिमेकडे तोंड असलेला पत्रा एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेपाचलाही मांड्या भाजतो. तिच्याभोवती चारही बाजूंना १.८ मीटर मोकळे. कठड्याच्या दांड्यांमधली फट ९ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा २३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असावी. मधल्या मापाच्या फटीतून मुलाचे धड जाते आणि डोके अडकते. हे माप टेपने तपासूनच खेळणी ताब्यात घ्यावीत.

सगळे बसवून खेळाची जागा १३ बाय १० मीटर होते. तिच्यात ३० सेंटिमीटर सुटी वाळू, म्हणजे ३९ घनमीटर, जवळपास १४ ब्रास. क्रश सँड इथे चालत नाही. तिचे दाणे टोकदार असतात, त्यात भुकटी असते आणि ती दाबून घट्ट बसते. धुतलेली, गोल दाण्याची वाळू हवी. लाकडाचा भुसा किंवा चिपा दुसरीकडे चांगल्या, इथे पहिल्या पुरात तरंगून जातात.

काळ्या मातीतला वाळूचा खड्डा म्हणजे हंडा. पाणी आत जाते, बाहेर येत नाही. म्हणून वाळूखाली १० सेंटिमीटर खडी, दोन्हींच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, आणि खडीत ११० मिलिमीटरचा छिद्रे असलेला पाइप, १:१०० ढाळाने नाल्याकडे. खेळाची जागा नाल्यापासून २० मीटरवर असल्याने पाइप तिथे पोचतो तेव्हा जमिनीखाली सुमारे ४० सेंटिमीटर असतो आणि नाल्याचा तळ त्याहून बराच खाली आहे. हा हिशेब आधी दोरी-लेव्हलने तपासला नाही तर खड्डा पावसाळाभर कुजत राहतो.

खांब हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या पाइपचे, पाया मीटरभर खोल. काँक्रीटचा माथा वाळूच्या पृष्ठभागाखाली ठेवायचा, म्हणजे पडणारे मूल त्यावर आदळणार नाही. माथ्याला खांबापासून बाहेर उतार द्यावा, पाणी खांबापाशी थांबू नये. जुन्या टायरचे झोके करू नयेत. टायरमध्ये साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, आणि भोके पाडली तरी ती गाळाने बुजतात.

वाळूत चाकाची खुर्ची फिरत नाही. त्यासाठी पाठीला टेकू असलेला एक झोका स्वतंत्र चौकटीत, फेरीच्या वाटेला लागून, पक्क्या मुरमाच्या पट्ट्यावर. तो कमी उंचीचा आणि सावकाश हलणारा असतो, पण पडण्याची भीती उरतेच, म्हणून तिथे मोठे माणूस जवळ असावेच लागते.

वाट आणि वाळूचा खड्डा मिळून २०० घनमीटर काळी माती निघते. त्यातली साठेक घनमीटर वापरून पूर्वेला सव्वा मीटर उंचीचा, १२ बाय १० मीटर पायाचा टेकाडवजा उंचवटा करायचा आणि त्यावर हरळी लावायची. दोन ते आठ वर्षांची मुले त्यावर यंत्रांपेक्षा जास्त वेळ रमतात. पावसात तो निसरडा होतो, मुलांना तेही आवडते. उरलेली माती बाहेर.

सावली आणि झाडे

कुटुंबे बागेत येतात संध्याकाळी पाच ते साडेसात. तेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरपे येते. सूर्यास्ताच्या दीड तास आधी सावली झाडाच्या उंचीच्या सुमारे अडीचपट लांब पडते, म्हणजे सात मीटरचे झाड १७ मीटरपर्यंत सावली पोचवते. म्हणून झाडांची मुख्य रांग पश्चिमेच्या कडेला हवी आणि खेळाची जागा तिच्या पूर्वेला टप्प्यात. पश्चिमेची कडच सखल आहे, पाणी तिथे आधी येते आणि शेवटी जाते. म्हणजे पाणी सोसणारी झाडे लावायची जागा आणि सावलीची जागा एकच. सगळ्या आराखड्यात एवढा सोयीचा योग दुसरा नाही.

कडुलिंब इथे मेला होता, कारण त्याला पाणथळ जमीन मानवत नाही. करंज, अर्जुन, ताम्हण, जांभूळ ही ओढ्याकाठची झाडे. सहा-सहा मीटरवर बारा झाडे: करंज पाच, अर्जुन तीन, ताम्हण तीन, जांभूळ एक. जांभूळ वाटेपासून लांब ठेवावे, ऐन जूनमध्ये पडलेल्या जांभळांवरून पाय घसरतात. बिट्टी आणि कण्हेर लावू नये. बिट्टीच्या बिया मुले खेळायला गोळा करतात आणि त्या जहरी असतात.

मोठा खड्डा खणून, त्यात पोयटा-शेणखत भरून झाड लावण्याची पद्धत हलक्या जमिनीत ठीक आहे. इथे त्या मऊ खड्ड्यात पाणी तुंबते आणि मुळे कुजतात. उलट करायचे: जमीन थोडी खरवडून तीन मीटर व्यासाचा, ४० सेंटिमीटर उंच मातीचा ओटा, त्यावर झाड. दोन ओट्यांमध्ये मोकळी जागा ठेवायचीच. सलग बांध घातला तर पाणी चरीपर्यंत पोचत नाही.

करंजाची उपयोगी सावली मिळायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर खेळाच्या जागेच्या पश्चिमेला खांबांवर हिरवी नेट, पण ती जूनच्या आधी उतरवायची.

बाके काँक्रीटची, बैठक ४५ सेंटिमीटर उंच, पाठ आणि हात असलेली. हातांचा आधार नसेल तर सत्तरीच्या माणसाला उठता येत नाही. पाठ पश्चिमेला, तोंड मुलांकडे. झुडपांचे कुंपण ७५ सेंटिमीटरपर्यंत छाटलेले, म्हणजे बसल्या जागेवरून मूल दिसते आणि सापांना आडोसा कमी होतो. लॉन ४०० चौरस मीटरवर थांबवले आहे. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाचेक लिटर धरले तरी तेवढ्यालाच दोन हजार लिटर लागतात.

दिवे आणि मांडव

१४ फूट पाणी म्हणजे ४.३ मीटर. दिव्यांचा विजेचा पॅनल त्याच्या वर नेणे शक्य नाही, म्हणून जमिनीवर वीजच ठेवायची नाही. साडेपाच मीटरच्या खांबावर, सौर पॅनल आणि बॅटरी माथ्यावरच असलेले दिवे. ते पुराच्या रेषेच्या वर राहतात. ते झाडांच्या सावलीत आले तर चार्ज होत नाहीत, म्हणून खांब पूर्वेच्या आणि मधल्या ओळीत, पश्चिमेला नाहीत.

गणपती आणि नवरात्रात मांडवाचे वासे रोवायला दरवर्षी वाट उखडली जाते. त्यावर कार्यकर्त्यांशी भांडून उपयोग नाही. उत्तरेला १० बाय १२ मीटरच्या मोकळ्या पट्ट्याच्या कडेने काँक्रीटमध्ये ११० मिलिमीटरच्या पाइपाचे तुकडे ६० सेंटिमीटर खोल बसवले आणि वर आट्यांची झाकणे दिली की वासा थेट त्यात बसतो. झाकणे हरवतात, तेव्हा दहा-बारा जास्तीची आणून ठेवावीत.

पाणी येताना आणि गेल्यावर

पुलावर ३८ फूट झाले की झोक्यांच्या साखळ्या आणि पाट्या डी-शॅकल (आट्याची पिन असलेली कडी) उघडून उतरवायच्या, कचऱ्याचे डबे आणि सुटे सामान हलवायचे. ४० ला फाटक बंद. फाटक कुलूप लावून बंद करावे, आणि कुलपाच्या किल्ल्या दोन घरी असाव्यात. त्यातले एक घर पूरपट्ट्याबाहेरचे हवे.

पाणी ओसरल्यावर कामाचा क्रम चुकला की दुप्पट मेहनत पडते. वाटेवरचा गाळ ओला असतानाच पाण्याच्या फवाऱ्याने चरीकडे ढकलायचा. वाळला की तो खरवडावा लागतो आणि ब्लॉकच्या सांध्यांतली वाळू सोबत निघते. लॉनवरचा गाळ मात्र लगेच ओढू नये. पाय रुतेनासा झाला आणि भेगा पडायच्या आत, त्या मधल्या दोन-तीन दिवसांत तो फावड्याने वडीसारखा निघतो. थर तीन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर राहू द्यावा, हरळी त्यातून वर येते. शेतातला गाळ जमिनीला मानवतो, पण शहरातल्या पुराच्या गाळात मैला, तेल आणि काचा असतात. तो वाफ्यांत मिसळू नये.

उचलताना गमबूट, हातमोजे आणि लांब दांड्याचे फावडे. ढिगाऱ्याखाली नाग-घोणस असू शकतात, हात घालायचा नाही. पायाला जखम असलेल्याने गाळात उतरू नये, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) भीती असते.

वाळूचा वरचा १० सेंटिमीटर थर काढून नवा भरायचा, साडेचार ब्रासच्या आसपास. तेवढी वाळू आधीच उंचावर साठवून ठेवली तर बरे, पुरानंतर दर वाढतात. खेळणी आणि बाके आधी धुवायची, मगच ब्लीचिंग पावडर. गाळ असताना टाकलेली पावडर गाळातच खर्च होते. लिटरला ३० ग्रॅम पावडर घातली की साधारण एक टक्क्याचे द्रावण होते. बाके आणि फरशीवर ते दहा मिनिटे ठेवून धुवायचे, लोखंडावर याहून बरेच पातळ आणि लगेच धुऊन टाकलेले, नाहीतर गंज लागतो. झाडांच्या बुंध्याभोवती चढलेला गाळ जुन्या पातळीपर्यंत काढायचा. कललेली रोपे माती ओली असतानाच सरळ करावीत. पाने गळाली म्हणून झाड काढू नये, करंज-अर्जुन महिन्याभरात फुटतात.

खांबाभोवतीची माती वाहून गेली का, बोल्ट ढिले आहेत का, साखळीची कडी झिजली का, हे पाहूनच झोके लावायचे. मुलांना आत सोडायचे ते त्यानंतर.

न सुटलेले दोन प्रश्न

शौचालय नसेल तर स्त्रिया आणि वृद्ध बागेत तासभरही थांबत नाहीत, हे सरळ आहे. इथे सेप्टिक टँक केला तर पुरात तो उलटा भरतो आणि सगळी घाण वर येते. ड्रेनेजला एकेरी झडपेसह जोडणी मिळाली तरच बांधावे. तोवर रस्त्याच्या पलीकडच्या समाजमंदिराचे शौचालय बागेच्या वेळेत उघडे ठेवण्याची लेखी व्यवस्था करावी.

दुसरा प्रश्न क्रिकेटचा. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना हाकलून दिले की ती फाटकाबाहेर उभी राहतात आणि बाग त्यांची शत्रू होते. मांडवाच्या पट्ट्याला लागून उत्तरेला २० बाय ३० मीटर मोकळी जमीन सोडली आहे. टेनिस बॉल, चार ते साडेपाच, आणि रविवारी सकाळी दहापर्यंत. साडेपाचनंतर तीच जागा मुलींच्या बॅडमिंटनला आणि खो-खोला. वेळ कमी पडतो, तक्रारी येतात. पूर्वेच्या घरांकडे चार मीटर उंच नायलॉन जाळी लावल्याशिवाय हे वेळापत्रक पाळले जाणार नाही, तेव्हा जाळीचा खर्च ओपन जिमच्या यादीतून वळवावा. दहा यंत्रांऐवजी तीन पुरतात, आणि पुरानंतर बेअरिंगमधला गाळ धुऊन ग्रीस भरायचे कामही तेवढ्याचेच उरते.